ब्रेकची धूळ गाळणारं हाउसिंग आणि पेटंटची तपासणी: मराठवाड्यातल्या नवख्या अर्जदारांसाठी

वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्र्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या माणसाशी पेटंटबद्दल बोलायला बसलं की एक प्रश्न हमखास येतो: "आमचा पीस तयार आहे, गाडीवर बसवून दाखवतो. ऑफिसची माणसं बघायला कधी येतात?" ती येत नाहीत. पेटंट कार्यालयातला एक्झामिनर तुमचा पीस हातात घेत नाही की गाडी चालवून बघत नाही. त्याच्यापुढे असतात तुम्ही लिहिलेली पानं, तुमची ड्रॉइंग आणि जगभरातल्या जुन्या पेटंटांचा साठा. तपासलं जातं ते तुमच्या क्लेममधलं, म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागता ते सांगणारं, वाक्य. म्हणून चांगला बनलेला पीस कागदावर कसा उतरवायचा आणि तपासणीत तो कसा टिकवायचा, एवढंच इथे सांगतो.

उदाहरणाला एकच वस्तू धरू: डिस्क ब्रेकमधून उडणारी धूळ पकडणाऱ्या गाळणीचं हाउसिंग. ती मुद्दाम निवडली आहे. शीट मेटल, प्रेस टूल आणि वेल्डिंग येणारं आपल्याकडचं कुठलंही वर्कशॉप ती बनवू शकतं. शिवाय युरोपीय संघाच्या युरो 7 नियमांनी ब्रेकमधून उडणाऱ्या कणांवर पहिल्यांदाच मर्यादा घातली आहे. साध्या मोटारींना पीएम10, म्हणजे 10 मायक्रोमीटरपर्यंतच्या बारीक कणांसाठी, किलोमीटरला 7 मिलिग्रॅम आणि निव्वळ बॅटरीवरच्या मोटारींना 3 मिलिग्रॅम. मोटारींच्या नव्या मॉडेलना हे 29 नोव्हेंबर 2026 पासून लागू होतं. गाड्यांच्या प्रदूषणाच्या आपल्या बीएस-6 नियमांमध्ये ब्रेकच्या धुळीला अशी मर्यादा नाही. पण युरोपात माल जाणाऱ्या पुरवठा साखळीत वाळूजची नावं कमी नाहीत, त्यामुळे हा विषय इथे लवकरच कामाचा ठरेल असं मला वाटतं. तिसरं कारण असं की या क्षेत्रात गर्दी आहे. जर्मनीतल्या मान अँड हुमेलसारख्या फिल्टर कंपन्यांनी अशा हाउसिंगवर आधीच भरपूर अर्ज केलेत. गर्दीच्या जागी अर्ज कसा टिकवायचा ते कळलं की मोकळ्या जागी काम सोपं जातं.

अर्ज होईपर्यंत कुठेही दाखवू नका

पेटंटची पहिली अट नावीन्याची. अर्जाच्या तारखेआधी ती गोष्ट जगात कुठेही प्रसिद्ध झालेली नको, आणि यात तुम्ही स्वतः केलेली प्रसिद्धीही धरली जाते. कॉलेजच्या प्रोजेक्ट प्रदर्शनातलं पोस्टर, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून पुढे पुढे गेलेला व्हिडिओ, परिषदेत वाचलेला पेपर, ग्राहकाला करार न करता पाठवलेलं ड्रॉइंग, यातलं काहीही उद्या तुमच्याच अर्जाविरुद्ध उभं राहू शकतं. पेटंट कायद्याच्या कलम 31 मध्ये प्रदर्शनासाठी 12 महिन्यांची सवलत आहे खरी, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरतीच. एखाद्या संघटनेचं औद्योगिक प्रदर्शन कितीही मोठं असलं तरी ते आपोआप त्यात बसत नाही.

ब्रेकच्या भागाची चाचणी बहुधा रस्त्यावरही घ्यावी लागते. कन्नडच्या औट्रम घाटात गाडी उतरवल्याशिवाय डिस्क किती तापते ते कळायचं नाही. अशा चाचणीसाठी कलम 32 आहे: चाचणी वाजवी असेल आणि ती लोकांसमोरच घेणं गरजेचं असेल, तर अर्जाआधीच्या एका वर्षातली अशी चाचणी तुमच्याविरुद्ध जात नाही. तरी माझा सल्ला असा की आधी अर्ज करा आणि मग घाटात जा. नाहीतर ती चाचणी "वाजवी" आणि "गरजेची" होती हे सिद्ध करायचं काम तुमच्या गळ्यात पडतं. टूल बनवून देणाऱ्याला ड्रॉइंग द्यायचंच असेल तर त्याआधी गोपनीयतेच्या करारावर सही घ्या. दोन पानांचा कागद पुरतो.

वस्तू काय काम करते ते आधी साध्या भाषेत लिहा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि पुढची सगळी अडचण इथेच सुरू होते. क्लेम लिहायच्या आधी एक वही घ्या आणि वस्तू नेमकं काय करते ते लिहून काढा.

आपल्या उदाहरणात हे असं लिहिता येईल. डिस्क फिरते, पॅड तिला दाबतात, घर्षणाने पॅड आणि डिस्क दोन्ही झिजतात. ही बारीक धूळ पॅडच्या मागच्या कडेतून बाहेर पडते आणि डिस्कबरोबर फिरण्याच्या दिशेने ओढली जाते. डिस्कच्या पोटात हवेच्या फटी असतील तर ती पंख्यासारखं काम करते: हबकडून हवा ओढते आणि परिघाकडे फेकते. म्हणून हाउसिंग कॅलिपरच्या, म्हणजे पॅड धरून दाबणाऱ्या भागाच्या पुढे, फिरण्याच्या दिशेने बसवतात. ते कमानीसारखं परिघावरून आणि दोन्ही बाजूंनी डिस्कचा काही भाग झाकतं, आणि आतल्या अंगाला धातूच्या बारीक तंतूंची गादी असते. साधं कापड किंवा कागद इथे चालत नाही, कारण जोराच्या ब्रेकिंगला डिस्क काही शे अंशांपर्यंत तापते.

आता अडचणी लिहा. डिस्क जितकी जास्त झाकाल तितकी धूळ जास्त सापडेल, पण डिस्क थंड व्हायची वाट तितकी बंद होईल आणि उतारावर ब्रेकची पकड सुटायला लागेल. फ्लोटिंग कॅलिपरची बॉडी पॅड झिजत जातात तशी सरकत जाते, म्हणून हाउसिंग तिला न बांधता स्थिर ब्रॅकेटला किंवा चाकाचा हब धरणाऱ्या नकलला बांधावं लागतं. रिम आणि हाउसिंगमध्ये जागा अगदी थोडी असते. खडा अडकला तर आवाज येतो. पॅड बदलताना मेकॅनिकला अख्खं हाउसिंग काढावं लागलं, तर तो ते परत बसवेलच याची खात्री नाही.

आणि मग आपल्या भागातली अडचण. उन्हाळ्यात इथल्या रस्त्यावर काळ्या मातीची धूळ, पावसाळ्यात तिचाच चिखल, आणि उसाच्या हंगामात कारखान्याच्या वाटेवर दोन्ही. युरोपातल्या स्वच्छ रस्त्याचा विचार करून बनवलेली गाळणी इथे ब्रेकच्या धुळीने भरण्याआधी मातीनेच भरेल. गाळणी तुंबली की हवा अडते आणि डिस्क आणखी तापते. तुमचं हाउसिंग ही अडचण सोडवत असेल तर तुमच्या हाती सांगण्यासारखं काहीतरी आहे. इथल्या अडचणीत अशी ताकद असते. जुन्या पेटंटांनी तो प्रश्न विचारलेलाच नसतो, आणि पुढे एक्झामिनरला उत्तर देताना हेच कामाला येतं.

समजा तुमचा उपाय असा आहे. गाळणीच्या तोंडाशी एक खोल कप्पा. डिस्कने फेकलेले मातीचे जड कण सरळ जाऊन त्यात पडतात. हलकी हवा आणि बारीक धूळ वळून गाळणीकडे जाते. कप्प्याच्या तळाला पाणी आणि चिखल निघून जायला फट. आणि कप्प्याच्या पुढे, हाउसिंगच्या भिंतीत, बायमेटलच्या, म्हणजे दोन धातूंच्या जोडपट्टीचं झाकण: डिस्क फार तापली की पट्टी वाकते, झाकण उघडतं, थोडी हवा गाळणीला वळसा घालून बाहेर पडते आणि डिस्कला दम मिळतो. झाकण उघडं असताना थोडी बारीक धूळ सुटते. ही उणीव लपवू नका, तशीच लिहा. प्रामाणिक स्पेसिफिकेशन, म्हणजे अर्जातलं वस्तूचं लेखी वर्णन, वाचणाऱ्याला पटतं, आणि जड माती मात्र झाकणापर्यंत पोचत नाही हे सांगायची जागाही त्यातूनच मिळते.

शोध: एखादी संध्याकाळ नव्हे, आठवडाभर द्या

गुगल पेटंट्स, युरोपीय पेटंट कार्यालयाचं एस्पेसनेट आणि भारतीय पेटंट कार्यालयाचं इनपास, तिन्हींवर शोध फुकट आहे. नुसते शब्द टाकून शोधलं तर निम्मं निसटतं, कारण एका अर्जात "डस्ट कलेक्टर" लिहिलेलं असतं, दुसऱ्यात "पार्टिकल फिल्टर", तिसऱ्यात आणखी काही. म्हणून वर्गीकरणाचा क्रमांक वापरा. ब्रेकचे भाग एफ16डी 65 मध्ये येतात आणि घर्षणाची धूळ पकडणाऱ्या साधनांसाठी एफ16डी 65/0031 हा स्वतंत्र क्रमांक आहे. हवेतले कण गाळणाऱ्या फिल्टरसाठी बी01डी 46. शोधताना हे क्रमांक रोमन अक्षरांत टाका.

सापडलेल्या प्रत्येक पेटंटाची ड्रॉइंग आधी बघा, मग पहिला क्लेम वाचा, आणि एक तक्ता करा: तुमच्या हाउसिंगच्या प्रत्येक भागाला एक उभी रांग, सापडलेल्या प्रत्येक पेटंटाला एक आडवी रांग. कमानदार भिंत कुणाकडे आहे, धातूचे तंतू कुणाकडे, कप्पा कुणाकडे, झाकण कुणाकडे. जी उभी रांग पूर्ण रिकामी राहिली किंवा जे दोन भाग एकत्र कुणाकडेच दिसले नाहीत, तिथे तुमची जागा. रिकामी रांग नाही आणि अशी जोडीही नाही असं निघालं तर अर्जाचे पैसे वाचवा आणि डिझाइन सुधारायला परत बसा. जर्मनी किंवा चीनसारखं छोट्या सुधारणांसाठीचं युटिलिटी मॉडेल भारतात नाही. फक्त बाहेरचा आकार वेगळा असेल तर डिझाइन नोंदणीचा कायदा आहे. ती वाट वेगळी आणि स्वस्त, पण ती दिसण्याचं रक्षण करते, कामाचं नाही.

स्पेसिफिकेशन आणि क्लेम

अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत करावा लागतो. मराठीत घेत नाहीत. तरी विचार मराठीत करा, वहीत मराठीत लिहा आणि मग पेटंट एजंटाबरोबर, म्हणजे अर्जाचं काम करून देणाऱ्या नोंदणीकृत माणसाबरोबर, बसून इंग्रजी करा. ज्याला गोष्ट मराठीत नीट सांगता येत नाही, त्याच्या इंग्रजी क्लेमलाही धार येत नाही हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

क्लेम म्हणजे खरेदीखतातल्या चतुःसीमा. शेजाऱ्याच्या बांधापलीकडे ओढल्या तर वाद होणार, फार आत घेतल्या तर आपलीच जमीन सुटणार. नवखा माणूस पहिला क्लेम साधारण असा लिहितो:

"वाहनाच्या डिस्क ब्रेकसाठी धूळ गाळणारं हाउसिंग, ज्यात डिस्कच्या परिघाचा काही भाग झाकणारी कमानदार भिंत, तिला जोडलेल्या दोन बाजूच्या भिंती, आणि या भिंतींच्या आतल्या अंगाला बसवलेलं धातूच्या तंतूंचं गाळण आहे."

या वाक्यातलं सगळं जुनं आहे. तरी असा रुंद क्लेम सुरुवातीला ठेवण्यात एक शहाणपण असू शकतं, पण अट एकच: त्याच्या मागे उतरत्या पायऱ्यांचे क्लेम हवेत. क्लेम 2 मध्ये कप्पा, क्लेम 3 मध्ये तळाची फट, क्लेम 4 मध्ये कप्प्याच्या पुढे असलेलं बायमेटलचं झाकण, क्लेम 5 मध्ये बाहेर सरकवून काढता येणारी गाळणीची कॅसेट. वरची पायरी तुटली की खालच्या पायरीवर उभं राहता येतं.

कलम 59 पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवा. अर्ज दिल्यानंतर क्लेम आणि मजकुरात दुरुस्ती होते, पण नवी माहिती घालता येत नाही, आणि बदललेला क्लेम आधीच्या क्लेमच्या हद्दीतच असावा लागतो. कप्प्याची खोली, फटीचा कोन, कॅसेटची खाच, झाकण किती अंशांना उघडायला लागतं याचा पल्ला, पट्टी कुठे रिव्हेट केली, यातलं जे पहिल्या दिवशी लिहिलं नाही ते पुढे वाचवायला येणार नाही. म्हणून स्पेसिफिकेशन भरभरून लिहा, ड्रॉइंग जास्त द्या. हाउसिंग डिस्कवर बसलेलं, कापून आतून दाखवलेलं, झाकण बंद आणि उघडं, कॅसेट बाहेर काढलेली. प्रत्येक भागाला एकच आकडा, आणि तोच आकडा मजकुरात. "योग्य आकाराचा", "साधारण", "वगैरे" हे शब्द क्लेममध्ये नकोत. स्पष्टता नाही असा आक्षेप त्यावर ठरलेला.

चाचणीची मोजमापं असतील तर तीही घाला. गाळणी आधी आणि नंतर तोलून किती धूळ सापडली, पॅडमध्ये थर्मोकपल बसवून झाकणासह आणि झाकणाशिवाय तापमान किती. साधा तक्ता चालतो, पण खरा हवा.

अर्ज, फॉर्म, फी

हा भाग दिसायला गुंतागुंतीचा आहे, करायला नाही. महाराष्ट्र मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या हद्दीत येतो, ते अँटॉप हिलला आहे. तिथे जायची गरज नाही. अर्ज डिजिटल सहीने ऑनलाइन होतो आणि कागदी अर्जाला फी जास्त पडते. फॉर्म 1 हा अर्ज, फॉर्म 2 स्पेसिफिकेशन, फॉर्म 3 परदेशातल्या अर्जांची माहिती, फॉर्म 5 संशोधक कोण याची घोषणा, एजंट असेल तर फॉर्म 26. लघुउद्योग, स्टार्टअप किंवा शिक्षणसंस्था म्हणून सवलत घ्यायची तर फॉर्म 28 आणि पुरावा, म्हणजे लघुउद्योगाला उद्यम नोंदणी.

व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शिक्षणसंस्थांना ऑनलाइन अर्जाची फी 1,600 रुपये, बाकी कंपन्यांना 8,000. तीस पानांवरच्या प्रत्येक पानाला आणि दहावरच्या प्रत्येक क्लेमला जादा पैसे लागतात. सगळं तयार नसेल तर तात्पुरतं स्पेसिफिकेशन देऊन तारीख पक्की करा आणि 12 महिन्यांच्या आत पूर्ण स्पेसिफिकेशन द्या. पण तात्पुरत्यामध्ये जे लिहिलं असेल त्यालाच ती जुनी तारीख मिळते, हे विसरू नका.

नांदेडच्या किंवा संभाजीनगरच्या इंजिनीअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. पीस तुम्ही बनवला, प्रयोगशाळा कॉलेजची, पैसे वर्कशॉपवाल्याचे, तर अर्जदार कोण? हे अर्जाआधी लेखी ठरवा. अर्जदार आणि संशोधक वेगळे असतील तर हक्क दिल्याचा कागद लागतो, आणि दोस्तीत हा कागद मागायला लोक लाजतात. लाजू नका.

परदेशात अर्ज करायचा विचार असेल तर आधी भारतात करा आणि सहा आठवडे थांबा, नाहीतर कलम 39 खाली परवानगी घ्या. पहिल्या अर्जाच्या तारखेपासून 12 महिन्यांत पीसीटीचा (अनेक देशांसाठी मिळून एकच आंतरराष्ट्रीय) किंवा त्या त्या देशातला अर्ज करावा लागतो. ब्रेकच्या धुळीच्या बाबतीत बाजार युरोपात आहे, तेव्हा हा हिशेब पहिल्याच महिन्यात मांडा.

तपासणी मागितल्याशिवाय होत नाही

अर्ज केला म्हणजे तपासणी आपोआप होईल असं समजून बसणारे बरेच आहेत. तपासणीची मागणी फॉर्म 18 वर स्वतंत्र करावी लागते. फी सवलतवाल्यांना 4,000 आणि इतरांना 20,000 रुपये. 15 मार्च 2024 च्या दुरुस्तीनंतरच्या अर्जांना ही मागणी पहिल्या अर्जाच्या तारखेपासून 31 महिन्यांत करावी लागते, पूर्वी 48 महिने मिळायचे. जुन्या लेखांत आणि जुन्या सल्ल्यांत अजून 48 च लिहिलेलं सापडतं, त्यावर विसंबू नका. मुदत गेली की अर्ज मागे घेतला असं धरतात. माझं मत सरळ आहे: पूर्ण स्पेसिफिकेशनबरोबरच फॉर्म 18 भरून टाका.

अर्ज सहसा 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो. घाई असेल तर फॉर्म 9 भरा, सवलतवाल्यांना फी 2,500, म्हणजे साधारण महिन्यात प्रसिद्धी होते. स्टार्टअप, लघुउद्योग किंवा अर्जदार व्यक्तींमध्ये निदान एक स्त्री असेल तर फॉर्म 18अ वर जलद तपासणी मागता येते, फी 8,000. फक्त या सवलतीसाठी घरातल्या बाईचं नाव घालू नका. अर्जदार व्हायला हक्काचा कागद लागतो, आणि ती मग पेटंटची खरीखुरी मालक होते. संशोधनात तिचा वाटा असेल तर मात्र तिचं नाव पहिलं घाला.

प्रसिद्धीनंतर पेटंट मंजूर होईपर्यंत कुणीही विरोध नोंदवू शकतो. घाबरायचं कारण नाही, पण विरोधकाने मांडलेलं जुनं पेटंट तुमच्या तक्त्यात आधीच असलेलं बरं.

एफईआर आला, आता तो वाचा कसा

पहिला तपासणी अहवाल, सगळे ज्याला एफईआर म्हणतात, तो बघून नवख्याचा चेहरा पडतो, कारण सारांशाच्या तक्त्यात जवळजवळ प्रत्येक क्लेमपुढे नकार असतो. हे नेहमीचं आहे. आक्षेप नसलेला एफईआर क्वचितच येतो. पण उत्तराला सहा महिनेच असतात. ते संपण्याआधी फॉर्म 4 भरला तर आणखी तीन. त्यात उत्तर गेलं नाही तर अर्ज सोडून दिलेला धरला जातो. एफईआर एजंटाच्या मेलवर येतो, म्हणून फोन नंबर बदलला तर त्याला कळवत जा.

अहवाल चार भागांत असतो: सारांश, सविस्तर तांत्रिक आक्षेप, कागदपत्रांच्या औपचारिक गोष्टी आणि नोंदीवरच्या कागदांची यादी. तिसरा आणि चौथा भाग एका बैठकीत निपटतो. सगळी ताकद दुसऱ्या भागाला द्या.

आपल्या हाउसिंगवर, समजा, असे आक्षेप आले. डी1 नावाच्या जुन्या पेटंटात कमानदार भिंत, बाजूच्या भिंती आणि धातूचं गाळण सगळं आहे, म्हणून क्लेम 1 नवा नाही. डी2 मध्ये ब्रेक थंड करणाऱ्या हवेच्या नळीवर बायमेटलचं झाकण आहे. डी1 आणि डी2 एकत्र करणं या कामातल्या जाणकाराला सहज सुचेल, म्हणून क्लेम 4 मध्ये संशोधक पायरी (इन्व्हेंटिव्ह स्टेप) नाही. शिवाय कलम 3(फ): ओळखीच्या वस्तू नुसत्या शेजारी मांडल्या आणि प्रत्येक आपलं जुनंच काम स्वतंत्रपणे करत असेल, तर ते संशोधन नाही.

पहिली गोष्ट, डी1 आणि डी2 स्वतः उघडून वाचा. एक्झामिनरने दिलेल्या परिच्छेदाचा क्रमांक काढा आणि तिथे खरंच ते लिहिलंय का बघा. कधी कधी "कप्पा" म्हणून दाखवलेली जागा नुसती पत्र्याची घडी निघते, आणि अर्धा आक्षेप तिथेच गळतो.

दुसरी गोष्ट, जे गेलं ते सोडा. क्लेम 1 डी1 मध्ये जसाच्या तसा असेल तर त्यासाठी भांडू नका. कप्पा आणि झाकण क्लेम 1 मध्ये आणा आणि त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं शब्दांत बांधा:

"...गाळणाच्या प्रवेशाशी असलेला, डिस्कच्या फिरण्याच्या दिशेला उघडा असा कप्पा, आणि हवेच्या वाटेत त्या कप्प्याच्या पुढे हाउसिंगच्या भिंतीत बसवलेलं, उष्णतेने उघडणारं झाकण, अशा रीतीने की झाकण उघडलं असताना बाहेर जाणारी हवा आधी कप्प्यावरून वळते."

शेवटचं अर्धं वाक्य सगळं वजन उचलतं. झाकण एकटं असतं तर ते डी2 चं झाकण. कप्पा एकटा असता तर तो धूळ साठवायचा डबा. पण झाकण कप्प्याच्या पुढे आहे म्हणूनच ते उघडल्यावर मातीचे जड कण बाहेर फेकले जात नाहीत, आणि कप्पा आहे म्हणूनच गाळणी उशिरा तुंबते आणि झाकणाला वारंवार उघडावं लागत नाही. दोन्ही भाग एकमेकांचं काम बदलतात. कलम 3(फ) ला उत्तर हेच, आणि ते कलम 59 मध्येही बसतं, कारण कप्पा, झाकण आणि त्यांची जागा पहिल्या दिवसाच्या मजकुरात आणि ड्रॉइंगमध्ये आहेत.

संशोधक पायरीसाठी कलम 2(1)(जेए) काय मागतं ते बघा: आधीच्या ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व किंवा दोन्ही, आणि जाणकाराला सहज न सुचणारं काहीतरी. उत्तरात एक्झामिनरला विचारा: डी1 वाचणाऱ्याला झाकण बसवावंसं का वाटावं? डी1 चा सगळा भर एकही कण सुटू नये यावर असेल, तर भिंतीला भोक पाडण्याची कल्पना त्याच्या उलट जाते. डी2 ची नळी स्वच्छ हवा नेते, तिथे मातीचा प्रश्नच नाही. दोन्ही एकत्र केले तरी कप्पा कुठून आला? याला तुमच्या मोजमापांचा तक्ता जोडा.

वर्कशॉपवाल्यांनी एक निकाल माहीत करून घ्यावा. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात लेथवर भांडी धरून ठेवायच्या साधनाचं पेटंट सर्वोच्च न्यायालयाने टिकू दिलं नाही. नुसती वर्कशॉपमधली सुधारणा पेटंटला पुरत नाही, असं त्यात सांगितलं आहे आणि एक्झामिनर आजही तो दाखला देतात. बोल्ट ऐवजी क्लिप, माइल्ड स्टील ऐवजी स्टेनलेस, दोन पत्रे ऐवजी एक दाबलेला पत्रा, या गोष्टी चांगल्या असतात, पण एकट्या त्या पेटंटला पुरत नाहीत. त्यातून अनपेक्षित असा फायदा निघत असेल तरच त्या पुढे करा.

उत्तराची भाषा शांत ठेवा. "एक्झामिनरला ब्रेक समजलेला नाही" असलं वाक्य लिहून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. एक्झामिनर बहुधा तुमच्यासारखाच मेकॅनिकल इंजिनीअर असतो.

हिअरिंग

उत्तरानंतरही आक्षेप उरला तर कंट्रोलर, म्हणजे अर्जावर निर्णय देणारे अधिकारी, हिअरिंगची नोटीस काढतात. ते व्हिडिओ कॉलवर होतं. संशोधकाने स्वतः बसावं असा माझा आग्रह असतो. कायद्याचं बोलणं एजंट करेल, पण धूळ कुठून कुठे जाते हे हाउसिंग बनवणाऱ्याइतकं कुणी सांगू शकत नाही. कापलेलं मॉडेल कॅमेऱ्यासमोर धरा, पण बोलताना क्लेममधल्या शब्दांना धरूनच बोला. जे क्लेममध्ये नाही ते कितीही छान असलं तरी इथे मोजलं जात नाही. हिअरिंगनंतर 15 दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं असतं. हिअरिंगमध्ये क्लेममध्ये बदल कबूल केला असेल तर तो त्याच कागदात द्या. नकार आला तर उच्च न्यायालयात अपील होतं. पूर्वीचं अपील मंडळ 2021 मध्ये बंद झालं.

मंजुरी मिळाल्यावर

पेटंट अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षांचं असतं, पण तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी नूतनीकरण लागतं. सवलतवाल्यांना तिसऱ्या ते सहाव्या वर्षासाठी दरवर्षी 800 रुपये, सातव्या ते दहाव्यासाठी 2,400, पुढे वाढत जातात. तपासणीत वर्षं गेली असतील तर मधल्या वर्षांची साठलेली फी पेटंट नोंदवलं गेल्यापासून तीन महिन्यांत भरायची असते; चार वर्षांची आगाऊ ऑनलाइन भरली तर 10 टक्के सूट मिळते. पेटंटचा भारतात वापर होतो की नाही हे सांगणारा फॉर्म 27 आता दर तीन आर्थिक वर्षांनी एकदा भरतात. तारखा एजंटावर सोडू नका. जिथे वर्कशॉपचं वीजबिल आणि जीएसटीच्या तारखा लिहिता, त्याच कॅलेंडरवर याही लिहून ठेवा.